मला थकवा नव्हता, दम लागत होता

आधी एक गोष्ट साफ करून टाकते. मी आजार अंगावर काढला नाही.

हे लिहून ठेवावं लागतंय, कारण आमच्या धारमध्ये माझी ख्याती झाली आहे ती नेमकी उलटी. छाती उघडून हृदयाची झडप बदलून आले, तर बघायला येणारा प्रत्येक जण पलंगाशी खुर्ची ओढतो, मान हलवतो आणि म्हणतो, "काय सोसलंत हो! कुणाला कळूसुद्धा दिलं नाहीत." बायका तर हे कौतुकाने म्हणतात. जणू मी एखादं व्रत धरलं होतं आणि त्याचं उद्यापन इंदूरच्या ऑपरेशन थेटरात झालं. मी काही सोसलं-बिसलं नाही. मी सांगत होते. दिवाळीपासून अक्षय्य तृतीयेपर्यंत, घरात, दवाखान्यात, दिसेल त्याला सांगत होते. ऐकणाऱ्याला कळलं नाही, त्याला मी काय करू?

ज्यांच्यावर पुढेमागे अशी वेळ येईल त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. डॉक्टरी माहिती यात फारशी नाही, ती डॉक्टर देतील. मी सांगणार आहे ती एका शब्दाची गोष्ट, आणि रागानेच सांगणार आहे. राग अजून उतरलेला नाही.

दम

मी मूळची देवासची, लग्न होऊन धारला आले. सासरचे पूर्वज संस्थानात कुणी कारकून होते, आमचे हे पाहुण्यांना सांगताना त्यांना फडणीस करतात. पिढ्यान्‌पिढ्या माळव्यात गेल्यामुळे घरात भाषेची खिचडी आहे. बाहेर हिंदी, भाजीवालीशी माळवी, देवापुढे मराठी, आणि भांडताना तिन्ही. मी निवृत्त होईपर्यंत इथल्या मराठी वाचनालयात काम केलं. आता ते आठवड्यातून दोनदा उघडतं, आणि जे येतात ते पेपर वाचायला येतात, तोही हिंदी.

मला पहिल्यांदा दम लागला तो दिवाळीच्या चकल्या करताना. सोऱ्या फिरवता फिरवता थांबले आणि ओट्याला टेकले. वाटलं, वय झालं. मग जिना चढताना लागायला लागला, मग झाडू मारताना. संक्रांतीच्या सुमारास देवाला फुलं वाहताना लागला, म्हणजे बसल्या जागी. आडवं झालं तर विचारूच नका. माझी एक उशी होती, तिच्या दोन झाल्या, मग ह्यांचीही ओढून घेतली.

"मला दम लागतो," असं मी म्हणत असे.

मराठी माणसाला हे वाक्य समजावून सांगावं लागत नाही. दम लागला म्हणजे श्वास पुरेना. तसा हा मोठा कामसू शब्द आहे. दम खाता येतो, दम देता येतो, एखाद्याला दमात घेता येतं. गोष्ट एका दमात सांगता येते, बोलण्यात दम नसतो, आणि लाडू दिसला की पोरांना दम निघत नाही. याच घराण्यातला दुसरा शब्द म्हणजे दमणे. दमले म्हणजे थकले. दमलेला माणूस आडवा झाला की त्याला बरं वाटतं. दम लागलेला माणूस आडवा झाला की त्याचा जीव जायला लागतो. दिसायला शब्द सख्खे भाऊ, पण एकासाठी अंथरूण घालायचं आणि दुसऱ्यासाठी दवाखाना गाठायचा.

आमच्या ह्यांचा या घराण्यातला लाडका शब्दप्रयोग म्हणजे "दम धर." लग्नानंतर माहेरी जायचं म्हटलं, दम धर. स्वयंपाकघराला फरशी हवी, दम धर. निखिल लहान असताना त्याला मांडू दाखवू म्हटलं, दम धर. मांडू इथून हाकेवर, पण आम्ही तिथे पोचलो तेव्हा निखिलला मिशी फुटली होती. थंडीत मी म्हटलं, "अहो, मला फार दम लागतो." पेपरातून डोकं न काढता हे म्हणाले, "दम धर. थंडी आहे, जाईल." जो सापडतच नाही तो धरू कसा, हे विचारायलाही मला श्वास पुरला नाही.

मुलगा याच लाइनमध्ये

निखिल आमचा एकुलता एक. औषध कंपनीची बॅग घेऊन डॉक्टरांकडे फिरतो, एमआर आहे. धारपासून बदनावरपर्यंत एकेका कंपाउंडरशी त्याचं "क्या भिया, कैसे हो भिया" चालू असतं. शेजारीपाजारी म्हणायचे, "तुम्हाला कसली चिंता? मुलगा याच लाइनमध्ये." त्यामुळे माझी चिंता करायचं कुणालाच कारण उरलं नाही.

मराठी त्याला कळतं. म्हणजे जेवायला ये, पंखा बंद कर, आजीला नमस्कार कर, इतकं कळतं. उत्तर तो हिंदीत देतो. लहानपणापासून त्याने घरात "आई दमली" हे वाक्य हजारदा ऐकलं आहे, आणि त्याचा अर्थ त्याला पक्का पाठ आहे: आईला त्रास द्यायचा नाही, आई थकली आहे. तेव्हा मी "दम लागतो" म्हटलं की त्याच्या डोक्यात तेच बटण दाबलं जायचं. अर्धा शब्द येत होता त्याला. एकही आला नसता तर निदान विचारलं तरी असतं.

संक्रांतीनंतर तो मला त्याच्या ओळखीच्या डॉक्टरांकडे घेऊन गेला. बाहेर माणसं ताटकळत बसलेली, आम्ही मागच्या दाराने थेट आत. डॉक्टरांनी विचारलं, "हाँ माताजी, क्या तकलीफ है?"

मी तोंड उघडेपर्यंत निखिल म्हणाला, "सर, आई को थकान बहुत रहती है. जरा सा काम किया कि थक जाती हैं."

"थकान नाही रे," मी म्हटलं. "दम लागतो."

"वही तो बोल रहा हूँ, आई."

मग वाटलं, आपणच सांगावं. मला हिंदी येत नाही असं समजू नका. बँकेत मी हिंदीत भांडते आणि जिंकते. पण घाबरलेल्या माणसाच्या तोंडात शब्द येतात ते आईच्या भाषेतले, आणि माझं ते वाक्य जसंच्या तसं हिंदीत उतरलं. मी म्हणाले, "डॉक्टर साहब, मेरे को दम लगता है."

दारात उभा असलेला कंपाउंडर आधी हसला. "अरे माताजी! आप कब से दम लगाने लगीं? चिलम कौन भर के देता है?"

इकडे दम लगाना म्हणजे चिलमीचा झुरका मारणे. डॉक्टर हसले. निखिल कानापर्यंत लाल झाला आणि तोही हसला. "नहीं भिया, मतलब थकान ही. अपनी मराठी में ऐसा ही बोलते हैं."

सांस फूलती है, हे शब्द मला माहीत होते. मीही आता लोकांना तेच म्हणा असं सांगते. पण माझ्या लेखी सांस फुलते ती पळाल्यावर, टेकडी चढल्यावर. माझा श्वास काही फुलत नव्हता, तो आतच यायला तयार नव्हता. आणि त्या हसण्यानंतर पुन्हा तोंड उघडायची मला लाज वाटली. त्या खुर्चीत मला इतकं एकटं वाटलं, की पोटचा मुलगा शेजारी उभा आहे हेसुद्धा आठवेना.

डॉक्टरांनी साडीवरूनच नळी लावली, इस्त्री तापली का बघायला बोट लावतात तितकाच वेळ. रक्त तपासलं. हिमोग्लोबिन थोडं कमी निघालं, ते कुठल्या बाईचं नसतं? एक लाल टॉनिक लिहून दिलं. "दो चम्मच सुबह, दो चम्मच शाम. फिर देखना, माताजी एकदम टनाटन." टॉनिक निखिलच्याच कंपनीचं होतं. सॅम्पलच्या बाटल्या घरीच पडलेल्या होत्या.

आराम

घरात आम्ही तीन माणसं. त्यातल्या दोघांनी मिळून माझ्यासाठी एक आजार पसंत केला आणि प्रेमाने त्याचे उपचार सुरू केले. प्रेमाने हा शब्द मी कुचकटपणे लिहीत नाही. ह्यांनी आयुष्यात पहिल्यांदा स्वतःचा चहा स्वतः केला. निखिलने भांडीवाली लावली. "आई, टॉनिक लिया?" असं तो सकाळ-संध्याकाळ विचारायचा. आणि दोघेही मला सारखं झोपवायचे.

थकव्यावर औषध म्हणजे आराम, आराम म्हणजे आडवं होणं, आणि आडवं होणं म्हणजेच तर माझं मरण होतं. मी उठून बसायचे, ते येऊन निजवायचे. उंच उशीने मान धरते असं निखिलने मोबाइलवर वाचलं आणि माझ्या दोन उशा काढून नेल्या. मी कोरड्या अंथरुणावर बुडायला लागले. पाणी नाही, विहीर नाही, आणि गटांगळ्या मात्र खऱ्या. मग मी ओसरीवरच्या खुर्चीत जाऊन बसायचे आणि तिथेच डोळा लागायचा. सकाळी दोघे एकमेकांना सांगायचे, की ही झोपत नाही, म्हणूनच थकते.

मला भीती वाटत होती. मरणाचीच वाटत होती, उगाच फिरवून कशाला सांगू? पण मरणापेक्षा जास्त भीती या गोष्टीची होती, की मी मरेन आणि हे दोघे म्हणतील, बिचारी फार थकली होती. हळूहळू मी बोलणं कमी केलं. एका श्वासात तीन-चार शब्द मावत, त्यात काय काय बसवणार? त्याचाही अर्थ घरात लगेच लावला गेला. "आई नाराज है," निखिल ह्यांना म्हणाला. पुढे पुढे माझाच माझ्यावरचा विश्वास उडाला. वाटायला लागलं, हे म्हणतात तसा थकवाच असेल, आपल्यालाच सहन होत नसेल.

ताईचा फोन

ताई माझी थोरली बहीण. देवासला एकटी राहते, मुलं पुण्याला. तिच्या बोलण्यात अजून आमच्या आजीच्या वेळचं मराठी आहे. मोबाइलला ती "तो मेला डबा" म्हणते आणि सणावारीच फोन करते. अक्षय्य तृतीयेला तिचा फोन आला. वाडवडिलांच्या नावाने पाण्याची घागर दिलीस का, ब्राह्मण कोण सांगितला होता, असं विचारत होती. मी सांगत होते.

"कुमुद, थांब," ती मध्येच म्हणाली.

"काय गं?"

"दर दोन शब्दांनी तू हौदातून डोकं वर काढल्यासारखी बोलतेस. दम लागलाय तुला."

मी रडायला लागले. बहिणीच्या मायेने नाही. मी विनवून, ओरडून, हिंदीत, मराठीत जे सांगत होते ते कुणीतरी न सांगता ऐकलं होतं, आणि बरोबर क्रियापद लावून म्हटलं होतं.

"केव्हापासून?"

"दिवाळी... पासून."

"आणि तिथली माणसं काय करताहेत?"

"टॉनिक... देताहेत."

"मेले," ताई म्हणाली. "उद्या इकडे निघून ये. इथे आमच्या गल्लीत नवी डॉक्टरीण आली आहे. तू आली नाहीस तर मी येईन, आणि मी आले तर तुझ्या नवऱ्याला असा दमात घेईन की जन्मभर आठवेल."

ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, "दम धर, पुढच्या आठवड्यात बघू." मी दुसऱ्या दिवशी सकाळी पिशवी भरून दारात जाऊन बसले. निखिलला गाडी काढावी लागली. वाटेत तो म्हणाला, "आई, मौसी भी ना, फालतू टेंशन देती हैं." मी खिडकीची काच खाली केली आणि तोंड वाऱ्याकडे धरलं.

उशा किती?

देवासची डॉक्टरीण वयाने निखिलएवढी. तिला मराठीचं अक्षरही येत नव्हतं. आम्ही तिघे आत गेलो आणि निखिलने सुरुवात केली, "मैडम, आई को थकान..."

"मरीज आप हैं?"

"नहीं, मैं एमआर... मतलब, बेटा हूँ."

"तो आप बाहर बैठिए."

ताईला राहू दिलं, पण मध्ये बोलायचं नाही अशी ताकीद देऊन. ताईला असं आयुष्यात कुणी सांगितलं नव्हतं. ती पदर तोंडाला लावून बसली. मग डॉक्टरणीने मला काय होतंय हे विचारलंच नाही. तिने विचारलं, "तकिये कितने लेती हैं?"

मला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. "तीन," मी म्हटलं. "अब एक ही देते हैं. इसलिए बैठ के ही सोती हूँ."

"लेटने से क्या होता है?"

"हवा अंदर नहीं जाती."

बस, इतकंच. ना दम, ना सांस, ना धाप. तिने नळी नीट कातडीवर लावली, कुशीवर वळायला सांगितलं, पुन्हा ऐकलं आणि तिचा चेहरा बदलला. लहानपणी सांधे सुजून ताप आला होता का, असं तिने विचारलं. मला आठवेना. ताईने पदर काढला आणि ताकीद मोडली. "हुआ था. ये चौथी में थी. महिनाभर पाय टेकवत नव्हती." तपासण्या झाल्या, आणि संध्याकाळी डॉक्टरीण म्हणाली, "माताजी, ये थकान नहीं है. बचपन के उस बुखार से दिल का एक वाल्व सिकुड़ गया है. इंदौर जाना पड़ेगा, जल्दी."

अशा वेळी पायाखालची जमीन सरकते म्हणतात. माझी सरकली नाही. खरं सांगते, मला आनंद झाला. मी खोटी नव्हते, ढोंगी नव्हते, आळशी नव्हते. भीती नंतर आली, जिना उतरताना. त्याच्याही नंतर, गाडीत बसल्यावर, संताप आला आणि तो अजून मुक्कामाला आहे.

निखिलला आत बोलावून सांगितलं तेव्हा तो पांढराफटक पडला. मुलगा वाईट नाही माझा. पण त्याच्या तोंडून पहिलं वाक्य निघालं ते हे: "पर आई ने तो थकान बोला था."

इंदूर

तिथले सर्जन म्हणाले, "थोड़ा पहले आ जातीं तो शायद गुब्बारे से खुल जाता, छाती नहीं खोलनी पड़ती. अब वाल्व बहुत कड़ा हो गया है." गुब्बारा म्हणजे नळीतून आत नेऊन फुगवायचा फुगा. मी त्यांना पुन्हा विचारलं नाही की थोडा म्हणजे किती. दिवाळी की संक्रांत की होळी? ते शायद म्हणाले होते आणि शायदला कुणी कोर्टात उभं करू शकत नाही. ऑपरेशन लगेच करायचं ठरलं. ह्यांनी तोंड उघडलं, "द..." एवढंच म्हणाले.

ऑपरेशन मला आठवत नाही. आठवतो तो नंतरचा काळ, घशात नळी होती तो. श्वास मशीन घेत होतं, मी नुसती पडून होते. बोलता येत नव्हतं, आणि एकदाचं हे सगळ्यांना मान्य होतं. नळी काढल्यावर केरळची एक नर्स माझ्या बरगड्यांवर हात ठेवून बसली. तिचं हिंदी मोडकं-तोडकं. "अम्मा, हवा अंदर. अम्मा, हवा बाहर." इतकं नेमकं माझ्याशी कित्येक महिन्यांत कुणी बोललं नव्हतं. तिच्या हाताखाली मी पहिला पूर्ण श्वास घेतला. टाके ओढले, दुखलं, पण हवा तळापर्यंत गेली. तिथे ती किती दिवसांत गेली नव्हती.

वॉर्डातला दिनक्रम सैन्यातला असतो. उजाडायच्या आत रक्त काढायला येतात, मग वजन, मग दलिया, मग एक प्लास्टिकचं खेळणं हातात देतात. त्याची नळी ओढली की आतले तीन गोळे वर जातात. माझा एकच गोळा वर जायचा आणि तोही लगेच खाली बसायचा. खोकला आला की छातीशी उशी घट्ट धरायची, नाहीतर टाके फुटतील असं वाटतं. घरी माझ्या उशा काढून नेल्या होत्या, आणि इथे हे स्टुलावर बसून माझ्या छातीशी उशी धरून ठेवायचे. ज्या माणसाने कधी स्वतःचं मोसंबं सोललं नाही, तो मला फोडी सोलून बिया काढून द्यायचा. मी खायचे. राग असला तरी भूक लागते.

एके दिवशी व्यायाम शिकवणारी मुलगी सांगत होती, "सांस खींचिए, अब अंदर रोकिए, रोकिए..." आणि हे स्टुलावरून हळूच म्हणाले, "दम धर, कुमुद."

म्हणाले आणि स्वतःच दचकले. आयुष्यभरात पहिल्यांदा त्या शब्दांचा जो अर्थ आहे तोच अर्थ होता. मला हसू फुटलं, टाक्यांतून कळ गेली, आणि मी ह्यांना वॉर्डातल्या सगळ्यांसमोर बावळट म्हणाले. हे डोळे पुसत हसले. या आजारपणातली एवढी एक गोष्ट मी कुणाला देणार नाही.

अंगावर काढणे

आता घरी आहे. रक्त पातळ ठेवायची गोळी जन्मभराची. नवी झडप धातूची आहे, खोली शांत असली की तिची टिकटिक मलाच ऐकू येते. हृदयाचा ठेका मात्र पुरता सुधारला नाही. फार दिवस ताण सोसल्यामुळे तो आता असाच राहील म्हणतात. देवासच्या टेकरीवर देवीला ताईबरोबर पायऱ्या चढून जात असे, ते संपलं.

तुमच्यापैकी कुणाला असं काही झालं तर एक करा. डॉक्टरांकडे स्वतः बोला. बरोबर आलेल्याला, तो कितीही शहाणा असला आणि कुठल्याही लाइनमध्ये असला, तरी दाराबाहेर बसवा. आणि आजाराचं नाव सांगू नका, काय होतं ते सांगा. कुठली गोष्ट करताना थांबावं लागतं, झोपता कसं, उशा किती. कुणी हसलं तर हसू द्या आणि पुन्हा पहिल्यापासून सांगा. मी त्या पहिल्या डॉक्टरांपुढे गप्प बसले आणि त्याची किंमत गळ्यापासून पोटापर्यंत कोरली गेली आहे. पण गप्प बसवलं कुणी, तेही ध्यानात ठेवा.

परवा टोंकखुर्दहून माझे चुलत दीर आणि जाऊबाई आल्या होत्या, लसणाच्या जुड्या घेऊन. चहा झाला. जाऊबाईंनी विचारलं, "एवढं होईपर्यंत कळलं कसं नाही हो?" मी बोलणार, तेवढ्यात निखिलने मान हलवली. हा प्रसंग आता त्याला पाठ झाला आहे.

"काकू, आई ने किसी को बताया ही नहीं. सगळं अंगावर काढलं."

अंगावर काढलं. एवढा अवघड मराठी वाक्प्रचार, पण त्याला अगदी बिनचूक आला. दीर म्हणाले, "भिया, पुराने जमाने की औरतें ऐसी ही होती हैं." जाऊबाईंनी माझ्या हातावर हात ठेवला. ह्यांनी खाली मान घातली आणि कपातला गाळ बघत राहिले. खोलीत सगळे माझ्याकडे इतक्या मायेने बघत होते, की मी एक शब्द बोलले नसते तर जन्मभर देवी होऊन बसले असते.

"निखिल, इकडे ये," मी म्हटलं. "बस इथे. नाक दाब."

"क्या?"

"नाक दाब आणि तोंड मीट. मी सांगेपर्यंत सोडायचं नाही."

त्याला वाटलं, मी गंमत करते आहे. पाहुण्यांकडे बघून त्याने डोळा मिचकावला आणि नाक दाबलं. जाऊबाई हसल्या. मी पुढ्यातल्या लसणाची एक पाकळी सोलली, मग दुसरी. निखिलचे डोळे हसायचे थांबले. मी तिसरी सोलायला घेतली. त्याचा चेहरा लाल झाला, गळ्याच्या शिरा दिसायला लागल्या, त्याने माझ्याकडे बघून मान हलवली आणि मीही हलवली, अजून नाही. नाक दाबलं की तोंड उघडतं म्हणतात. त्याचं उघडलं. तो वाकून, गुडघे धरून, मोठमोठ्याने हवा ओढायला लागला.

"काय होतंय?" मी विचारलं.

"सांस..."

"मराठीत सांग."

खोलीत कुणी हसत नव्हतं. त्याने वर बघितलं. शब्द शोधत होता आणि त्याला तो सापडताना मला दिसला.

"दम..." तो म्हणाला. "दम लागला, आई."

"अस्सं," मी म्हटलं. "थकला असशील. कपाटात तुझं लाल टॉनिक आहे अजून. दोन चमचे घे आणि जरा आडवा हो."